सिएटलची बाजू

"बाबा, तुम्ही कुणाच्याच बाजूचे नाही. मग सांगा, बेसबॉलची ही अंतिम मालिका कोण जिंकणार?" जावयानं, कौस्तुभनं विचारलं.

शिकागोला लेकीकडे आलेल्या रत्नाकररावांना खेळ जेमतेम कळायचा. "आपलं शिकागोच," ते म्हणाले.

"सिएटल," लेक पटकन म्हणाली.

"मुग्धा मला चिडवतेय," कौस्तुभ हसला.

रत्नाकरराव मात्र हसले नाहीत. माहेरी क्रिकेट लागलं की ही मुलगी उठून आत जायची. इथं ती रोज सामना बघत होती, तोही परक्या शहराच्या बाजूनं. जेवताना सिएटलचा पाऊस, सिएटलची घरभाडी, असलंच काहीतरी बोलायची.

कौस्तुभ कॉफी करायला उठला, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "सिएटलला काय आहे?"

तिनं नजर चुकवली. "नोकरी मिळालीय. एकटीच जाणार आहे, बाबा. कायमची."

"त्याला माहीत आहे?"

"मालिका संपली की सांगेन. तोवर खूश राहू दे त्याला."

कौस्तुभ कॉफीचे मग घेऊन आला. शिकागो पुढे होतं. "तुमचं म्हणणं खरं होणार, बाबा," तो म्हणाला.

रत्नाकररावांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. "बस इथे. मुग्धाला तुझ्याशी बोलायचंय," ते म्हणाले, आणि आपली कॉफी तशीच ठेवून बाहेर गेले.