डावी बाजू

पिकअप एका अंगावर झुकलेली होती. ओढ्यात खालून घासते म्हणून मुक्ताच्या वडिलांनी, अण्णांनी, घरीच स्प्रिंगमध्ये जादा पाटा घालून डावी बाजू उचलली, उजवी सकाळवर ठेवली आणि झोपेतच गेले.

तेराव्यानंतर मुक्ताने गाडी गॅरेजला नेली.

"दोन्ही बाजू खोलाव्या लागतील, ताई," नबीभाई म्हणाले. "अण्णांना म्हटलं होतं, इथेच आणा. तर म्हणे, तुम्ही नट ढिले ठेवता."

त्यांनी डावीकडे पाना लावला. मुक्ताने नजर वळवली. नट हलेना. पान्याला पाइप जोडून जोर केला, तरी हलेना.

मुक्ताला कितीतरी दिवसांनी हसू आलं. "राहू द्या, नबीभाई. त्यांचं शेवटचं काम आहे ते. उजवी त्याच्या बरोबरीला आणा."

नबीभाईंनी घाम पुसून पाना तिच्यापुढे धरला. "आणतो. नट मात्र तुम्हीच आवळा. नाहीतर अण्णा वरून म्हणतील, ढिलेच ठेवले."