ठकीची जागा

घमेल्याभोवती तिघं बसले होते, आणि ठकी तिघांकडे पाठ करून बसली होती.

घमेल्यात वाळू होती. चाळलेली, वाळवलेली, रंगूबाईनं वरून हात फिरवून सारखी केलेली. एवढी सरबराई मेडशीत जावयाच्याही वाट्याला येत नाही. पण तेरा वर्षं वावराच्या ढेकळांत जाऊन आलेली ही मांजर काल दुपारपासून खोलीत कोंडलेली होती, आणि तिनं त्या वाळूला पाय लावला नव्हता.

कोंडलं ते मोजण्यासाठी. वाशीमच्या डॉक्टरनं फोटो काढून दाखवला होता : लघवीच्या पिशवीत तीन खडे. औषधानं विरघळणारे नव्हते. चिरून काढावे, तर किडन्या थकलेल्या; भूल सोसेलच याची खात्री नाही. तेव्हा पोटात पाणी भरपूर जाऊ द्या, लघवी किती वेळा होते ते मोजा, आणि अडली तर थांबू नका, तशीच घेऊन या. मग चिरण्यावाचून गत्यंतर नाही. मोजायचं तर मांजर नजरेसमोर पाहिजे, म्हणून रंगूबाईच्या नवऱ्यानं, जगदेवनं, दाराला कडी घातली. तेव्हापासून मोजणी शून्यावर होती.

“अशी टक लावून पाह्यली त मलेबी होनार नाई,” फुलचंद म्हणाला. हा शेजारचा. आला होता सोयाबीनचं बियाणं पाहायला, आणि या पंगतीत बसला होता.

“तू चूप राय. दहाची बस हाय,” जगदेव म्हणाला.

डॉक्टरला फोन करून झाला होता; दहाच्या बसनं वाशीमला आणा, म्हणाला. दुरडी तयार होती. मांजर रंगूबाईची, आपला तिच्याशी काही संबंध नाही, असं जगदेव रोज चारदा सांगे. आज सकाळपासून नऊदा सांगून झालं होतं. आणि दुरडीत लग्नाकार्याचा फेटा घडी करून अंथरत होता तोही तोच.

“तो फेटा कायले खराब करून राह्यले?” रंगूबाई म्हणाली.

“तुह्या मांजरीले टोचन ना दुरडी!”

फुलचंदनं घड्याळ पाहिलं. “बस येईलोक बियानं त दाखव भाऊ. पाव तास हाय.”

ओसरीत आंब्याचं लाकडी खोकं होतं. त्यात ओली वाळू, आणि वाळूत सोयाबीनचे शंभर दाणे, दहा ओळींत दहा दहा, दोरी धरून लावलेले. आज सहावा दिवस. या सहा दिवसांत खोक्याकडे कोंबडीनं मान वळवली तरी घरात भांडण होई. रंगूबाईला पाणी शिंपडायलाही मनाई होती; तिचा हात म्हणे जड पडतो. शंभरातले सत्तर उगवले तर बियाणं पेरायच्या लायकीचं. जगदेवनं गावभर नव्वद सांगून ठेवले होते. फुलचंद स्वतः मोजल्याशिवाय मानणारा नव्हता. देवळात प्रसाद घेतला तरी तो हातात वजन करून पाहणारा माणूस.

जगदेवनं दुरडी बाहेर आणून ठेवली आणि खोक्यावरची जाळी काढली. फुलचंद उकिडवा बसला आणि बोट फिरवू लागला. तो त्रेचाळीसवर असताना रंगूबाई ठकीला दुरडीत ठेवायला घेऊन आली. ठकी तिच्या हातातून निसटली, ओसरीवरून सावकाश चालत आली, खोक्याचा वास घेतला आणि आत चढली.

मग ती उकरायला लागली. तीन कोंब उडाले.

फुलचंदनं चप्पल उचलली. जगदेवनं त्याचं मनगट धरलं.

“हालू नको.”

“अरे पन बियानं...”

“हालू नको म्हनलं ना! तोंड फिरव तिकडे.”

“कोनाकडे?”

“भिताडाकडे, लेका!”

तिघांनी भिंतीकडे तोंडं केली. तिघांचं मिळून वय दोनशेच्या आसपास, आणि शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे. मागं वाळू खरवडल्याचा आवाज आला आणि थांबला. रंगूबाईनं पदराआडून डोळ्याचा कोपरा वळवला.

“बसली,” ती पुटपुटली.

“मंग?”

“बसली हाय.”

“अवं, पन मंग?”

जगदेवला भिंतीवरची पाल दिसत होती, तिच्याकडे पाहून त्यानं हात जोडले.

“झाली!” रंगूबाई ओरडली. “झाली वो! गंज झाली, भरपूर! अजून होऊनच राह्यली!”

जगदेवनं फुलचंदला मिठी मारली. चप्पल अजून फुलचंदच्याच हातात होती. मग जगदेवनं डॉक्टरला फोन लावला, आणि ही बातमी फोनशिवायही वाशीमला पोचली असती इतक्या आवाजात सांगितली. डॉक्टर म्हणाला, आज चिरायचं कारण नाही. पाणी चालू ठेवा, लक्ष ठेवा, आणि तिची जागा तिला ठरवू द्या.

रस्त्यावर दहाची बस हॉर्न देऊन गेली. कोणी मान वर केली नाही. ठकी पाय मारमारून झाकत होती, आणि प्रत्येक पायागणिक एकेक कोंब उपटून बाहेर येत होता. चार ओळी गेल्या.

“आता मी कसं मोजू?” फुलचंद म्हणाला. “त्रेचाळीस झाले होते माहे.”

“नव्वद होते.”

“ते त तू म्हनशीनच.”

जगदेवनं खोक्यातली ठकीनं भिजवलेली वाळू तेवढी काढली, घमेल्यातली चाळलेली वाळू तिथे ओतली, पाणी शिंपडलं आणि घरातून सोयाबीनचे ओंजळभर दाणे आणले. फुलचंदचा चेहरा खुलला.

“माह्यासाठी पुन्हा लावून राह्यला का भाऊ?”

“तुह्यासाठी कायले? तिले कोंबाचीच वाळू लागते.”

फुलचंदनं हातातली चप्पल खाली ठेवली. मग तो बाजूला बसून एकेक दाणा पुढं करू लागला.

“ओळ वाकडी चालली, भाऊ,” तो म्हणाला.

“चालते तिले,” जगदेव म्हणाला.