केसाएवढी रेघ

तडे दाखवणारा रंग फासला, पुसला, पुन्हा फासला, तरी ती लाल रेघ जाईना. केसाएवढी बारीक, पण होती. शेवटच्या डब्याखाली, ब्रेक धरून ठेवणाऱ्या कडीवर.

"झालं कल्याण!" रुळांखालच्या खड्ड्यात मान वर करून उभी असलेली ती पुटपुटली.

तपासनीस म्हणून येऊन जेमतेम महिना झाला होता, तेवढ्यात सगळे तिला शंकासुर म्हणायला लागले होते. म्हणोत बापडे! ही कडी भुयारात निखळली, तर ब्रेक थेट चाकाखाली येणार आणि गाडी रूळ सोडणार. आज या नव्या भुयारी रेल्वेगाडीत पहिल्यांदाच माणसं बसणार होती. चालवणार कोण, तर तिचाच धाकटा भाऊ. आईसुद्धा ठेवणीतले कपडे घालून सकाळपासून तयार होती.

ती धावतच मोठ्या साहेबांच्या खोलीशी गेली. शिपायाने बाहेरच थांबवलं. चांगला अर्धा तास ताटकळली.

"साहेब, तडा सापडलाय..."

"कुठे ते सांगू नकोस. मला ठाऊक आहे." साहेब शांतपणे चहा ढवळत होते.

ती चाटच पडली. "ठाऊक आहे? आणि तरी?"

"पाहुणे येऊन बसलेत. एवढ्याशा चिरेने आभाळ कोसळत नाही. कर डोळेझाक आणि 'गाडी ठीक आहे' म्हणून मोकळी हो."

"नाही म्हणणार."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. गाडीत माझा भाऊ आहे, साहेब. आणि तो नसता, तरी नसतं म्हटलं."

साहेबांनी चमचा खाली ठेवला आणि खो खो हसायलाच लागले. "शाब्बास! अगं, तो तडा आम्हीच पाडला होता. नवा तपासनीस दबावाखाली वाकतो का, ते असंच बघतो आम्ही. तुला बाहेर बसवलं ना, तेवढ्यात तो भाग बदलूनसुद्धा झाला."

तिला आधी संताप आला, मग हुंदका. "असली कसली हो चेष्टा! काळजाचं पाणी पाणी झालं माझ्या."

"चल, डोळे पूस. ती बघ, निघाली."

खिडकीखालून नवीकोरी गाडी भुयाराकडे सरकत होती. भावाने ऐटीत हात केला. त्याच्या मागच्याच डब्यात आई काचेला नाक लावून हसत होती. तीही हसली आणि शेवटचा डबा भुयारात दिसेनासा होईपर्यंत दोन्ही हात हलवत राहिली.

"पण नजर पक्की हं तुझी," मागून साहेब म्हणाले. "दुसऱ्या डब्यात, दाराच्या वर, पार छतालगत पाडली होती मी ती चीर. म्हटलं, इतक्या उंचावर कोण बघतंय!"