पांढरं झाकण, निळं झाकण

"एकोणीस!" रिनाचा मदतनीस दिनेश ओरडला, तसा शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावरचा इसरू दचकून उभाच राहिला.

"बस गा, बस. डोळ्यातला दाब सांगून राह्यलो. मागच्या खेपेला तीस होता. मॅडम, तीस!"

रिनानं येऊन यंत्रावरचा आकडा पाहिला. पुन्हा मोजायला लावलं. एकोणीसच! तिला तिथंच टुणकन उडी मारावीशी वाटली. पण पीएचडी झालेल्या बाईनं पेशंटांसमोर उड्या मारायच्या नसतात, म्हणून तिनं नुसताच चष्मा पुसला.

काचबिंदू हा महा लबाड रोग. बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. आतला दाब वाढत जातो आणि कडेकडेनं नजर खात सुटतो. नेहमीचे थेंब रोज घालायचे, तेही जन्मभर. हेमलकशाच्याही पलीकडच्या या गावात ते आणून देणार कोण? आणि घातले तरी अर्धे गालावरून ओघळून जातात.

चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत रिनानं वर्षानुवर्षं डोकं फोडून यावर तोड काढली होती. चरबीचे अतिशय बारीक फुगे, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे, आणि त्यांच्या पोटात औषध. नॅनोलायपोसोम. हे फुगे डोळ्याला बिलगून बसतात आणि औषध हळूहळू सोडतात. आठवड्याला एक थेंब, बाजाराच्या दिवशी. बस्स!

आता ते सिद्ध व्हायचं होतं. गावातल्या निम्म्या पेशंटांना पांढऱ्या झाकणाची बाटली दिली होती, निम्म्यांना निळ्या. एका रंगात औषध भरलेले फुगे, दुसऱ्यात नुसतेच रिकामे. कोणत्या रंगात काय, ते रिनालाही ठाऊक नव्हतं. ते गुपित चाचणीवर देखरेख करणाऱ्या नागपूरच्या सरांपाशी. आज दोन रंगांत फरक दिसला, तर थेंब पुढं जाणार. नाही दिसला, तर सगळं मुसळ केरात.

आणि थेंब पुढं गेले, तरच ते आईला मिळणार.

आई म्हणजे रुखमाबाई. याच आश्रमशाळेत पोरांचा भात शिजवता शिजवता इथलीच झालेली. डावा डोळा काचबिंदूनं गेलेला. उजव्यातला दाब नेहमीच्या थेंबांना जुमानत नव्हता. मागच्या खेपेला बत्तीस भरला होता. पण संशोधकाच्या घरचं माणूस चाचणीत घ्यायचं नाही, असा नियम. रिनानं नियम पाळला होता आणि आईला उंबऱ्याला ठेचकाळताना पाहून स्वतःला शिव्याही घातल्या होत्या.

"इसरूभाऊचं झाकण कोणतं?"

"पांढरं."

पुढचे दोघंही पांढरेच निघाले. अठरा. वीस. रिनाच्या छातीत ढोल वाजायला लागले. पांढरंच! औषध पांढऱ्यातच!

"आणि बाटल्या पाहा ना, मॅडम," दिनेश खुशीत म्हणाला, "सगळ्यायच्या सारख्याच उरल्या. कोणी एक बाजार चुकवला नाई. असे पेशंट चंद्रपुरात भेटत नाई!"

मग बुधरी आली. रुखमाबाईची शेजारीण, बोलायला फटकळ. झाकण निळं.

"अठरा!" दिनेश म्हणाला.

एखादा आकडा असा निघतोच, रिनानं मनाला समजावलं. पण पुढचा झिंगूही निळाच, आणि त्याचा दाब एकोणीस. त्याच्यामागचीही निळी. सतरा.

"मॅडम, सगळ्यायचंच उतरून राह्यलं!" दिनेश नाचायचाच बाकी होता. "पेढे आणा पेढे!"

"कसले पेढे, दिनेश?" रिना मटकन बाकावर बसली. "औषधवाल्याचा उतरला अन् रिकाम्यावाल्याचाबी तेवढाच उतरला. मंग औषधानं काय केलं?"

दिनेशचा चेहरा उतरला.

रुखमाबाई चहा घेऊन आली. थेंबही न सांडता तिनं कपबशी रिनाच्या हातात दिली.

"काऊन वं, तोंड काऊन पाडलं? लोकायचे डोळे बरे झाले ना?"

"आई, थेंब फेल गेले. तुह्यासाठी काईच उरलं नाई." रिनानं चष्मा काढून डोळे पुसले.

"जाऊ दे. रडू नको. माहाबी डोळा पाहून घे, आली आहो तं."

रिनानं आईला शेजारी बाकावर बसवलं. दिनेशनं यंत्र रुखमाबाईच्या उजव्या डोळ्याला लावलं. आकडा पाहिला. यंत्र झटकलं, पुन्हा लावलं.

"सतरा," तो पुटपुटला.

"यंत्रच बिघडलं!" रिना ताडकन उठली. इतका वेळ हे कसं सुचलं नाही! तिला हसूच फुटलं. आकडे खोटे, म्हणजे थेंब अजून जिवंत होते! यंत्र अचूक आहे का ते तपासायचा ठोकळा तिनं पेटीतून काढून यंत्राला लावला. आकडा अगदी बरोबर. पेटीतलं दुसरं यंत्र काढलं, आईच्या डोळ्याला लावलं.

सतरा.

"आई, डोळ्यात काय घातलं तू? खरं सांग."

रुखमाबाईनं पदर तोंडाला लावला आणि बुधरीकडं पाहिलं.

"तिले काऊन दटावतं?" बुधरी कंबरेवर हात ठेवून पुढं आली. "तूच कोणाले पांढरी देल्ली, कोणाले निळी. एका गावात असा दुजाभाव चालते का? शिकार आणली तं आमच्यात घरोघर सारखा वाटा जाते. आम्ही एका बाजाराले सगळ्यायनं पांढरी घातली, दुसऱ्या बाजाराले सगळ्यायनं निळी. मंग तुह्या आईचा वाटा कसा ठेवणार नाई वं?"