कवितावाले गुरुजी

“बोडीत बसल्या म्हैसबाई, उठायची त्यांना नाही...”

पुंडलिकराव थांबले. खाटेवर उशीला टेकून बसलेल्या सत्यभामाबाईंनी ओठ हलवले. लकव्यानं उजवी बाजू गेल्यापासून त्यांचं तोंड वाकडंच उघडायचं.

“घा... ई.”

“शाब्बास!” पुंडलिकरावांनी टाळी वाजवली. “पाठीवरती बगळा डुले, शिंगावरती चतुर...”

“झुले.”

शेजारच्या आनंदाबाई भाजीची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “असा नवरा मिळायले नशीब लागते, गुरुजी. माह्यावाला तं मी मेली का जिती, तेही पाहत नाही.”

पुंडलिकराव नुसते हसले.

तुमसरमध्ये त्यांना नावानं हाक मारणारे थोडेच. ते सगळ्यांचे कवितावाले गुरुजी. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तरी दोन्हीकडच्या शाळा त्यांना बोलावत. राइस मिलच्या कोंड्यात लोळणारी पोरं त्यांची सायकल दिसली की मागे धावत. बाजारात वांगी निवडता निवडता ते वांग्याची कविता म्हणत, आणि भाजीवाली काटा हातात धरून हसत राही. निवृत्त झाल्यावर बाकीचे मास्तर पेपर घेऊन ओट्यावर बसले. पुंडलिकराव मात्र बहरले. भंडाऱ्याच्या एका साप्ताहिकाच्या मुलांच्या पानावर दर रविवारी त्यांची कविता असायचीच.

सभेत ते एक गोष्ट हमखास सांगत. “शाळेत एकट्यानं बसून मले कधी एक ओळ जमली नाही. ही भाकरी थापत असते, मी चुलीपाशी पाटावर कागद घेऊन बसतो. तिथंच होते कविता.” लोक कौतुकानं टाळ्या वाजवत. सत्यभामाबाई मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या असत.

हिवाळ्यात त्या चुलीसमोरच कोसळल्या. जीव वाचला, पण बोलणं गेलं. आणि पुंडलिकरावांची कविताही थांबली.

मुलांचं पान बघणारी रीता अधूनमधून फोन करायची. “गुरुजी, नवीन काही?”

“नाही बेटा. ती बोलेपर्यंत मले काही सुचणार नाही.”

“काळजी घ्या त्यांची,” म्हणून रीता घाईनं फोन ठेवायची.

डॉक्टर म्हणाले होते, बोलणं गेलं तरी गाणं, यमक कधीकधी आत टिकून राहतं. तिथून बोलणं परत येऊ शकतं. पुंडलिकरावांनी हे मनावर घेतलं. शाळांची आमंत्रणं बंद, पारावरचं बसणं बंद. सकाळ-दुपार खाटेपाशी स्टूल टाकून कविता. सत्यभामाबाई कधी डोळे मिटून घेत, कधी भिंतीकडे तोंड वळवत. ते खाटेच्या त्या बाजूला जाऊन पुन्हा सुरू करत.

मुलगी तृप्ती वरठीहून आली. जावई तिथं पोलादाच्या कारखान्यात. तिनं आईचे कपडे बदलले, पाठ पाहिली आणि बाहेर आली.

“बाबा, पाठीले जखमा होऊन राहिल्या आईच्या. तिले ‘दुखते’ म्हणायले शिकवा ना. ‘कूस बदला’ म्हणायले शिकवा. चतुर झुले म्हणते, पण चादर ओली झाली ते सांगता येत नाही तिले.”

“येईल तेही. आधी कविता बसू दे.”

“काहून पण?”

“तिची बोली तिथूनच येणार आहे. मले माहीत आहे.”

तृप्ती त्यांच्याकडे बघत राहिली. म्हातारा वाळला होता, डोळे खोल गेले होते. तिला स्वतःचीच लाज वाटली. “तुमचा जीव आहे तिच्यावर,” ती म्हणाली, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी लाइट गेली होती. पुंडलिकराव घामानं निथळत तीच ती म्हैस बोडीच्या पाण्यात बसवत होते. सत्यभामाबाई एकाही यमकाला उत्तर देईनात. तेवढ्यात लाइट आली, पंखा कुरकुरत फिरू लागला. त्यांची नजर छताकडे गेली, तिथंच थांबली. ओठ हलू लागले.

“पंखा... फिरतो... गरागरा...”

पुंडलिकराव स्टुलावर ताठ झाले. ही ओळ त्यांनी कधी ऐकली नव्हती.

“पाल... म्हणे... थांब जरा...”

“हां, हां. पुढं?”

सत्यभामाबाईंच्या कपाळावर घाम आला. गळ्याच्या शिरा ताणल्या. एकेक शब्द जड धोंड्यासारखा वर येत होता.

“चक्कर आली... मले... बघून. पडीन ना मी... भिंतीवरून.”

आणि त्या हसल्या. अर्ध्या तोंडानं, पण हसल्या.

पुंडलिकरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी बायकोचा लुळा हात आपल्या कपाळाला लावला. मग उठून दार लोटून घेतलं. “पुन्हा एकदा म्हण. सावकाश.”

सत्यभामाबाईंनी कविता पुन्हा म्हटली. तो हात हातात धरूनच पुंडलिकरावांनी फोन लावला.

“रीता बेटा, लिहून घे.” त्यांनी चारही ओळी चालीत म्हणून दाखवल्या. फक्त ‘मले’चं ‘मला’ केलं.

“अय्या, किती गोड! म्हणजे काकू बोलल्या?”

“बोलली.”

“तुमच्या प्रेमानं बोलल्या, गुरुजी. या रविवारी फोटोसकट छापते.”

“छाप. आणि नाव पूर्ण टाकजो, पुंडलिक गभणे. मागं नुसतं गभणे गुरुजी छापलं होतं.”

फोन ठेवून ते खाटेच्या कडेला बसले. खिशातून पेन काढलं, गुडघ्यावर कागद ठेवला. सत्यभामाबाईंनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

“पा... पा...”

“पाल झाली,” पुंडलिकराव म्हणाले. “आता दुसरं कडवं सांग.”