गारव्याची घरपट्टी

मे महिन्यातल्या भर दुपारी सुलभा मडावीने खिडक्या लावून मागच्या खोलीतली चूल पेटवली. घर जितकं गार तितकी घरपट्टी जास्त, असा नियम गेल्या सालापासून आला होता. समोरच्या बंगल्यात चार एसी होते. सुलभाकडे मातीच्या जाड भिंती आणि कडुनिंबाची सावली. दोन्ही घरं सारखीच गार, म्हणून पहिल्या साली दोघांना पट्टी सारखीच आली. यंदा मोजणीवाला बंगल्यात शिरताना दिसला, तेव्हा धास्तीपोटी तिने चुलीत एक लाकूड जास्तच घातलं.

मोजणीवाल्याने दारातूनच तापमान मोजायचं यंत्र आत धरलं.

"बेचाळीस. पट्टी माफ, बाई."

सुलभाने पदराने मानेवरचा घाम टिपला. तो मात्र यंत्राकडे बघत तिथंच उभा राहिला.

"काय झालं, साहेब?"

"चाळीसच्या वर गेलं की घर राहण्यालायक नाही, असं हे यंत्रच ठरवतं. आठ दिवसांत खाली करावं लागेल."

"अहो, मीच चूल पेटवली होती."

"यंत्राला चूल कळत नाही, बाई."

सुलभाने त्याचा हात धरून भिंतीवर टेकवला.

"बघा ना साहेब, किती गार आहे."