मिशीचं डावं टोक

ताम्हणकरमामा सलूनमधून परतले की त्यांच्या मिशीचं डावं टोक हटकून आखूड झालेलं असे. दोष त्यांच्या गोष्टीचा होता. मामा एसटी चालवत असताना घाटात एक बोकड गाडीत चढला आणि पेंगणाऱ्या कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं, ही ती गोष्ट. घरात ती आता कुणी ऐकत नसे. सलूनमधलं यंत्र मात्र दर वेळी ती नव्यानेच ऐकायचं, कारण ते स्वतःजवळ काहीच साठवत नसे. गिऱ्हाइकाची ओळख आणि त्याच्या गप्पा ते गिऱ्हाइकाच्याच बोटातल्या अंगठीतल्या चिपमध्ये लिहायचं, आणि गिऱ्हाईक खुर्चीतून उठलं की ते सगळं पुसलं जायचं. त्यामुळे गोष्ट तिकिटापाशी आली की यंत्र खदखदून हसायचं आणि कात्री घसरायची.

शेवटी वृंदाने, त्यांच्या सुनेने, मामांना न सांगताच अंगठीतली ओळख वर्षभर टिकेल अशी करून टाकली. त्यानंतरची पहिली खेप ओळख नव्याने लिहिण्यातच, नेहमीसारखी गेली. पुढच्या खेपेला मामा दारात दिसताच यंत्र म्हणालं, "या मामा. मिशी नेहमीसारखीच ना?"

मामांचा चेहरा पडला. "म्हणजे तुला बोकडही आठवतोय?"

"अगदी शिंगांसकट."

"मग आता काय सांगायचं," म्हणत मामा खुर्चीत बसले.

यंत्राने कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"आधी बोकडाला गाडीत चढू द्या," ते म्हणालं. "तिकीट फाडून झालं की मगच मी मिशीला हात लावतो. तो नुसता चढणार म्हटलं तरी मला आत्तापासून हसू आवरत नाहीये."